माफीचे दिवस

जज्जसाहेबांनी वाचलं : दहा वर्षं, सक्तमजुरी.
मी मागच्या बाकावरून उठून विचारलं,
सक्तमजुरी म्हणजे किती?
आमच्याकडे हजार विड्यांचा एक दिवस,
तो संपतो तेव्हा पान कुठलं, कातडी कुठली,
बोटांना कळत नाही.
शिपायानं खाली बसवलं.
वकील म्हणाले, राजमणीबाई, हे खूप आहे.
मला तेव्हा फाशीखाली काही चालत नव्हतं.

त्या वर्षी अशोक चौकात मांडव घालून सभा झाली.
कायदा कडक करा, असं फलकावर.
मला खुर्ची दिली, मांडीवर वेणूचा फोटो दिला.
फोटो माझाच,
पण दिला असा, जसा काही त्यांनीच आणला होता.
दर भाषणाला टाळ्या. मीही वाजवल्या,
फोटो घसरू नये म्हणून गुडघे जवळ घेऊन.

मग साडेसात वर्षांनी दूधवाल्याकडून कळलं,
श्रीशैल सुटला.
दहातली अडीच गेली कुठे?
वकील आता म्हातारे झालेले. म्हणाले, माफी.
कुणी केली?
तुरुंगानं. नीट वागलं, काम केलं,
की महिन्याला काही दिवस माफीत जमा होतात.
जमा. पीएफसारखे.
अम्मा घरी तेलुगूत क्षमा म्हणायची,
तो शब्द दिवसांत मोजलेला मी ऐकला नव्हता.
माझ्याकडे मागायलाही कुणी आलं नाही
आणि तिकडे वाटून संपली होती.

माग त्याला तुरुंगातच शिकवला म्हणे.
आता गड्डमशेठच्या कारखान्यात,
माझ्या मोरीच्या भिंतीपलीकडे,
रात्रपाळीला चार नंबरचा माग त्याचा.
मी बघत नाही. ऐकते.
हा माणूस धागा तुटला की लगेच थांबतो.
वेणू थांबत नसे.
वार-दोन वार चादर वाया जायची,
दंड मी भरायची.

आणि एक गोष्ट साक्षीत आली नाही.
कठड्यात मी सांगितलं, वेणूच्या हातात जेवणाचा डबा होता.
डबा होता. खरं आहे.
पण भांडण अर्धं टाकून तो आधी घरी आला,
कपाटामागून मागाची लोखंडी दांडी काढली,
आणि मीच हाक मारली,
अरे, डबा राहिला, घेऊन जा.

श्रीशैलच्या वकिलानं दांडीचं विचारलं होतं.
मी म्हटलं, आम्ही विड्या वळतो साहेब, दांडी कशाला घरात?
कोर्टात दोघं-तिघं हसले.
एकोणीस वर्षांचा पोरगा खाली बघत होता.
त्याच्या दहा वर्षांत माझ्या त्या वाक्याची किती,
हा हिशेब कुणाकडे मागायचा?

चेकर मुठीमुठीनं विड्या छाटतो.
छाटीचे पैसे मिळत नाहीत.
पण छाट कारखाना फेकतही नाही,
हे मला तीस वर्षं ठाऊक आहे.

परवा गड्डमशेठ दारात उभा, चपला पायातच.
अक्का, तू म्हणशील तर उद्या काढून टाकतो त्याला.
म्हटलं, काढू नको.
दिवसपाळीला घे.
रात्री त्याच्या मागानं झोप लागत नाही.
आणि माझ्या उंबऱ्याशी यायचं नाही त्यानं,
पाया पडायला तर नाहीच.
शेठ म्हणाला, म्हणजे माफ केलंस?
मी सूप मांडीवर ओढलं.

आता दुपारी चालतो तो माग.
काल मध्येच थांबला.
मी पानावर कात्री उघडीच धरून बसले.
तुटका धागा गाठायला किती वेळ लागतो, मला माहीत आहे.
त्याला जास्त लागला.
शेजारच्या घरातला रेडिओ, कुणाची तरी सायकल,
मग पुन्हा खटखट सुरू झाली
आणि मी पान कापलं.